ठकीची आठ पत्रं

२२ जानेवारी २०२५, बुधवार. बुओना व्हिस्टा

सिंगापुरात येऊन तीन दिवस झाले. पुण्याच्या दफ्तरखान्यात अडतीस वर्षं मोडी वाचक होतो. रोज घरी आल्यावर किती कागद वाचले त्याची नोंद करायची सवय. निवृत्तीला तेरा वर्षं झाली तरी हात वही मागतो. इथे कागद नाहीत, म्हणून दिवस लिहितो.

रत्नदीप आठ वाजता लॅबला जातो. सूनबाई भावना त्याच्याही आधी. नात आर्या दुपारी शाळेतून येते. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत सांगते. मधले सहा तास मी आणि एकविसाव्या मजल्यावरची खिडकी. सरला असती तर तिने एव्हाना तीन शेजारणींची नावं काढली असती. तिला जाऊन दोन वर्षं झाली. मी अजून लिफ्टमध्ये मान डोलवण्यापलीकडे गेलेलो नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

भावनाची मीटिंग होती म्हणून आर्याला पियानोच्या शिकवणीला मी घेऊन गेलो. बुकित तिमाहला जुनं बैठं घर, पुढे आंब्याचं झाड. बाईंचं नाव मिस ऑड्री लाझारू. वय सत्त्याहत्तर (आर्याने मोठ्याने सांगितलं, बाई हसल्या). इथल्या युरेशियन, म्हणजे गोऱ्या-आशियाई मिश्र वंशाच्या. पाठ ताठ, केस पांढरे, चष्मा साखळीला.

आर्या शिकवणी संपल्यावर म्हणाली, "मिस ऑड्री, माय आजोबा कॅन रीड सीक्रेट रायटिंग, लाह!" ("लाह" हे इथल्या इंग्रजीचं शेपूट.) मी ओशाळलो. पण बाई एकदम गंभीर झाल्या. आत गेल्या, पत्र्याची काळी पेटी घेऊन आल्या.

पेटीत त्यांच्या पणजोबांचा खासगी पत्रव्यवहार आहे. जॉर्ज हेन्शॉ, आपल्या नगर जिल्ह्यात १८८० च्या सुमाराला असिस्टंट कलेक्टर. त्याने इंग्लंडमधल्या बहिणीला लिहिलेली पत्रं, नंतर परत आलेली. ती इंग्रजी, बाईंनी वाचलेली आहेत. पण तळाशी एका फडक्यात आठ कागद वेगळे.

"हे आम्हाला कोणालाच वाचता आलं नाही," बाई म्हणाल्या. "एकाने सांगितलं, लघुलिपी असेल."

मी पहिला कागद हातात घेतला. मोडी. बोरूने लिहिलेली, वरची रेघ आधी ओढून मग खाली अक्षरं लटकवलेली. परक्या देशात गावचा माणूस भेटावा तसं झालं.

"वाचता येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल," मी म्हणालो. आर्याने आठही कागदांचे फोनवर फोटो काढले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आठही वाचून झाली. अक्षर काही फार अवघड नाही. तीन दुपारी पुरल्या.

लिहिणारी एक बाई. म्हणजे सांगणारी ती, लिहिणारा दुसरा. आठव्या पत्राबद्दल इथेही काही लिहीत नाही. वाचून झाल्यावर मी उठून नळ सोडला आणि उगाच पातेली विसळत बसलो.

एकदम सगळं सांगणं बरं नाही. मिस लाझारूंचं वय झालेलं. दर मंगळवारी एक, असं सांगावं. आठ मंगळवार होतील. कागदही जुने आहेत, घाई करून चालत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं पत्र सांगितलं. बाईंनी चहा केला होता, बरोबर अननसाचे टार्ट. आर्या आतल्या खोलीत सराव करत होती.

मी आधी मराठीत वाचलं, मग माझ्या कचेरी इंग्रजीत अर्थ. सुरुवात लेखकाच्या थाटात: "साहेब मेहेरबान हेनशा साहेब यांचे हुजुरास ठकी महारीण हिचा जोहार. विनंती ऐसीजे." आणि मग एकदम तिचाच आवाज: "पोरीस डब्यातलें दूध देऊं नये. तिला सोसत नाहीं. भाकरीचा पापुद्रा ताकांत कुस्करून दिला कीं खाते. खात नसली तर रागें भरूं नये."

पोर म्हणजे सगुणा. साहेबाची आणि ठकीची मुलगी. पाच वर्षांची असताना साहेबाने पुण्याला शाळेत ठेवली आणि तिचं नाव लूसी केलं. लूसी म्हणजे मिस लाझारूंची आजी. पुढे तिचं लग्न सिंगापूरच्या माणसाशी झालं. घरात सगळ्यांना सांगितलेलं की लूसीची आई गोव्याची पोर्तुगीज होती.

बाईंनी कागदाकडे वाकून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "नावापुढचा तो शब्द काय? महारीण?"

अडतीस वर्षं हा शब्द वाचत आलो. वेठीच्या कागदांत, दंडाच्या, वतनाच्या तंट्याच्या. नेहमी दुसऱ्या कोणीतरी आमच्याबद्दल लिहिलेलं. आमच्यातली कोणी बाई स्वतः "मी" म्हणून बोलतेय असा कागद मला कधीच सापडला नव्हता. तो इथे सापडला, अननसाच्या टार्टशेजारी.

"जातीचं नाव," मी म्हणालो. "त्यांना गावाबाहेर राहावं लागायचं. ती माझी माणसं. आता आम्ही बौद्ध आहोत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहत होत्या. "म्हणजे तुम्ही आणि मी," त्या म्हणाल्या आणि वाक्य तसंच सोडून चहा ओतू लागल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

केस कापून आलो. वाढले होते. निळा शर्ट इस्त्री केला. भावना म्हणाली, "बाबा, उद्या तर मंगळवार आहे, नाही का?" मी म्हणालो, हो, सोमवारनंतर मंगळवारच येतो. ती रत्नदीपकडे बघून हसली. यात हसण्यासारखं काय आहे कळलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आमची एक पद्धत ठरली आहे. त्या एक इंग्रजी पत्र वाचतात, मी एक मोडी. जमेल तशा तारखा जुळवतो. हेन्शॉ बहिणीला लिहितो तंबूतल्या मुक्कामाबद्दल, हिवतापाबद्दल, न उगवलेल्या गुलाबांबद्दल. एका पत्रात: "त्या बाईचे कागद येत राहतात. मुनशीला वाचायला दिले तर उद्या सगळ्या तालुक्याला कळेल. म्हणून ते तसेच ठेवून देतो."

मला फार राग आला. "हातात पत्र असून वाचत नाही, तो माणूस कसला?" मी बोलून गेलो.

मिस ऑड्री म्हणाल्या, "भित्रा असेल."

"भित्रेपणाने दुसऱ्याचा जीव जातो," मी म्हणालो.

मग दुसरं पत्र वाचलं. "निजतांना पाठीवरून हात फिरवावा लागतो. नाहीं तर जागीच राहते. हात फिरवणारें कोणी आहे कां तें कळवावें. मी म्हणतें, नीज गं बाय, नीज गं बाय. तसें म्हणावें."

मी अर्थ सांगायच्या आत बाईंनी कप खाली ठेवला.

"परत म्हणा ते."

"नीज गं बाय."

"निज-गा-बाय," त्या म्हणाल्या. अगदी तस्सं. ठसका, हेल, सगळं. "आजी मला झोपवताना हे म्हणायची, पाठीवर हात फिरवत. मी अकरा वर्षांची असताना ती गेली. आम्हाला वाटायचं पोर्तुगीज आहे."

सत्त्याहत्तर वर्षांची सिंगापूरची बाई, मराठीचा एक शब्द येत नाही, आणि तिच्या तोंडून नगरकडची आई बोलली. मला खिशातला रुमाल सापडेना. त्यांनी त्यांचा दिला. तो माझ्याकडेच राहिला. धुऊन, घडी घालून ठेवला आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

रत्नदीपने विचारलं, "बाबा, आठ पत्रांना आठ आठवडे कशाला? तुम्ही तर दिवसाला पन्नास कागद वाचायचात."

मी सांगितलं, अक्षर घसीट, भरभर ओढलेलं आहे, आणि काही ठिकाणी शाई फुटली आहे. तो "बरं" म्हणाला.

सरलाच्या फोटोपुढे आज जरा जास्त वेळ बसलो. तिला या पत्रांचं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आधी त्या बाईला सगळं सांगून मोकळे व्हा. तिची घाईच फार.

४ मार्च, मंगळवार

मागच्या मंगळवारी तिसरं झालं, आज चौथं. तिसऱ्यात ठकीने पोरीसाठी वहाणा पाठवल्या: "पाय वाढला असेल म्हणून बोटभर मोठ्या केल्या." चौथ्यात विचारते, वहाणा पोचल्या का.

लिहिणारा कोण असेल, असं ऑड्रीबाईंनी विचारलं. मी म्हणालो, गावचा कुलकर्णी ठकीसाठी असं लिहून देणार नाही. शुद्धलेखन पलटणीतलं वाटतं. पेन्शनवर गावी आलेला आमच्यातला एखादा शिपाई असावा. त्याने तिच्या शब्दांना हात लावलेला नाही, ही त्याची मोठी गोष्ट.

मग त्या मोठ्या बहिणीबद्दल बोलल्या. मार्जोरी. पर्थला असते, त्र्याऐंशी वर्षांची. डॉक्टरांनी हात टेकले आहेत. रोज फोनवर विचारते, पुढे काय लिहिलंय?

"आजी चिडली की म्हणायची, माझ्या आईने मला विकलं," ऑड्रीबाई म्हणाल्या. "मार्जोरी तिच्याजवळच वाढली. तिच्या मनात ते काट्यासारखं राहिलंय. पणजोबांच्या पत्रात तर असं आहे." त्यांनी चष्मा लावून वाचलं: "बाईने राजीखुशीने संमती दिली आणि कागदावर अंगठा केला." मग माझ्याकडे पाहिलं. "मिस्टर यादव, तिने खरंच मुलगी देऊन टाकली का? पुढच्या पत्रांत असेल का?"

मला उत्तर माहीत होतं. सातव्या पत्रात आहे, तिसऱ्या ओळीपासून.

"असेल," मी म्हणालो. "बघू. पुढचा भाग जरा अवघड आहे."

परतताना एमआरटीच्या गाडीत आर्या म्हणाली, "आजोबा, यू ऑलरेडी रेड ऑल, वॉट." मी म्हटलं, पुन्हा तपासावं लागतं. हे खोटं नाही. मी रोज तपासतो.

११ मार्च, मंगळवार

पाचवं आणि सहावं आज एकत्र झालं, कारण पेन्सिल.

फोटोत ती दिसली नव्हती. मूळ कागद खिडकीपाशी धरला तेव्हा दिसली. पाचव्या पत्रात मोडी अक्षरांखाली बारीक पेन्सिलीने बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षरं. वाकडी, मुलाने गिरवावीत तशी. हेन्शॉ मोडी शिकत होता! मुनशीला न विचारता, एकेक अक्षर लावत त्याने पाचवं पत्र पूर्ण वाचलं होतं. ऑड्रीबाईंनी लगेच एक इंग्रजी पत्र काढलं. त्यात एक ओळ होती, जिचा अर्थ त्यांना कधी लागला नव्हता: "मी पुन्हा शाळकरी झालो आहे आणि फार वाईट विद्यार्थी आहे."

सहाव्या पत्रात पेन्सिल अर्ध्यावर थांबते. कुठे थांबते ते मी वाचलं. "पोरीस सांगावें कीं तुझी आई मेली. म्हणजे ती वाट बघणार नाहीं. वाट बघणें फार वाईट, साहेब. तें मी करीन."

"मेली" या शब्दाखाली पेन्सिलीचा ठिपका आहे, दाबून केलेला. त्यापुढे काही नाही. सातव्या, आठव्या पत्रावर पेन्सिलीची खूणही नाही. त्याने ती वाचलीच नाहीत.

"म्हणून सगळ्यांना सांगितलं, ती मेली म्हणून," ऑड्री हळू म्हणाली. तिने माझ्या हातावर हात ठेवला. आत आर्या तीच तीच ओळ वाजवत होती, चुकत होती, परत वाजवत होती. मला वाटलं, चुकत राहो.

जाताना तिने विचारलं, "सातवं पुढच्या मंगळवारी?"

"हो," मी म्हणालो.

१८ मार्च, मंगळवार

शाळेला सुट्टी, आर्या आईबरोबर बाहेरगावी. शिकवणी नव्हती. तरी मी गेलो. पत्र नेलं नाही.

"सातवं अजून लागलं नाही," मी दारातच म्हणालो. तिचा चेहरा पडला. पण मग म्हणाली, "चला, आलाच आहात तर जेवून येऊ." हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊच्या बाजारात गेलो. मला तिखट चालतं हे बघून खूष झाली. चालत बोटॅनिक गार्डनपर्यंत गेलो. बाकावर बसून तिने घर विकल्याचं सांगितलं. मेअखेर किल्ल्या द्यायच्या, मग कायमची पर्थला, मार्जोरीजवळ. "जेवढे दिवस तिचे असतील तेवढे."

मी विचारलं, "पियानो?"

"तो विकत नाही. तोही येणार."

पाऊस आला. तिच्या छत्रीत दोघं. माझा डावा खांदा भिजला आणि मला हसू येत होतं. का, कोण जाणे. इतका चांगला दिवस गेल्या दोन वर्षांत गेला नाही, हे लिहून ठेवतो.

दुपारी तिला मार्जोरीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "नाही गं, अजून नाही. तो प्रयत्न करतोय." माझ्यासमोर म्हणाली. मी तळ्यातल्या हंसांकडे पाहत राहिलो.

२५ मार्च, मंगळवार

सातवं पत्र स्वच्छ लिहून खिशात घेतलं होतं. आज सांगणारच होतो.

निघताना भावनाच्या फोनवर निरोप आला. "आज शिकवणी नाही. माझी बहीण रविवारी पहाटे गेली. गुरुवारी मी पर्थला जातेय."

चपला काढल्या. कागद खिशातच आहे.

२६ मार्च, बुधवार

सकाळी एकटाच गेलो.

दार तिने उघडलं. मागे बॅगा उघड्या पडल्या होत्या. मला पाहून चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. बरं वाटल्यासारखं काहीतरी. "या," ती म्हणाली. "बरं झालं आलात."

मी उभ्या उभ्याच बोललो. बसलो असतो तर बोललो नसतो. "सातवं पत्र वाचता येत नव्हतं, हे खोटं होतं. आठही मी वाचली होती."

"कधी?"

"सात फेब्रुवारीला."

ती बघत राहिली. ओठ हलत होते. आठवडे मोजत असावी. "मार्जोरी रोज विचारायची," ती म्हणाली. "शनिवारीसुद्धा विचारलं. मी सांगितलं, मंगळवारी कळेल."



"का?" तिने विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"पत्रं संपली असती," मी म्हणालो. "मंगळवार संपले असते."

ती एकदम खुर्चीत बसली. "मिस्टर यादव, तुम्ही नुसते आला असतात तर मी काय दार उघडलं नसतं? चहा काय पत्रांसाठी करत होते मी?"

तिने पेटीतले शेवटचे दोन मूळ कागद काढून माझ्या हातात दिले.

मग ती म्हणाली, "वाचा आता."

मी सातवं वाचलं. "मी पोर दिली नाहीं. साहेबांचे शिपायानें चावडीवर माझा अंगठा घेतला. मला सांगितलें, साळेंत घालतों, सणास परत येईल. कागदावर काय लिहिलें तें मला कोणी वाचून दाखविलें नाहीं. पोर माझी आहे."

ती रडली नाही. "पुढचं," म्हणाली.

आठवं. "मी पुण्यास आलें. लष्करांत माती वाहतें. आयतवारीं साळेच्या फाटकासमोर उभी राहतें. पोरी दोन दोन करून देवळांत जातात. सगळ्यांच्या अंगांत एकसारखें, डोक्यावर एकसारखें. दोन वर्षें झालीं, माझी कोणती तें मला ओळखवत नाहीं. म्हणून मी सगळ्यांकडे बघतें. साहेब, एकच करावें. तिच्या वेणीस तांबडी फीत बांधावयास सांगावें. मी हांक मारणार नाहीं. जवळ जाणार नाहीं. बघून जाईन."

त्या शाळेपुढच्या रस्त्यावरून मी अडतीस वर्षं सायकलने कामाला जात होतो. हे मी तिला सांगितलं नाही. ठकीचं दुःख तिचं होतं, त्यात माझी सायकल कशाला?

ऑड्री उठली. कागद माझ्या हातातून घेतला, मोडी अक्षरांवर बोट ठेवलं. "तिने विकलं नव्हतं," ती म्हणाली. ते मला नव्हतं, खोलीत नसलेल्या कोणाला तरी होतं. "ती बाहेर उभी होती."

मग म्हणाली, "आता तुम्ही जा. प्लीज."

मी ओसरीच्या पायऱ्या उतरलो. मागून आवाज आला, "पाऊस येतोय. दाराजवळची छत्री घेऊन जा." मी घेतली. मागे वळून पाहायचा धीर झाला नाही.

२७ मार्च, गुरुवार

ती गेली असेल. विमानाची वेळ मला माहीत नाही.

१ एप्रिल, मंगळवार

हेन्शॉबद्दल मी जे बोललो होतो ते पान उघडून वाचलं. हातात पत्र असून... पुढे वाचवेना. त्याने निदान सहाव्या पत्रापर्यंत मोडी शिकायची तसदी घेतली. मला तर पहिल्या दिवसापासून येत होती.

आठही पत्रांचं बाळबोधात स्वच्छ लिप्यंतर केलं, खाली इंग्रजी अर्थ. रत्नदीपने ते पर्थच्या पत्त्यावर पाठवलं. सोबत चिठ्ठी लिहायला घेतली. चार लिहिल्या, चारही फाडल्या. शेवटी नुसतं "लिप्यंतर: यादव" एवढंच.

रत्नदीपला सगळं सांगितलं. तो माझ्या शेजारी येऊन बसला, लहानपणी बसायचा तसा.  मग म्हणाला, "बाबा, तुम्हाला एकटं वाटतं हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं असतंस तरी मी नाहीच म्हणालो असतो," मी म्हणालो.

६ एप्रिल, रविवार

आर्याने विचारलं, मिस ऑड्रीची बहीण मेली त्याचा तुम्हाला एवढा का त्रास? तुम्ही तर तिला भेटला पण नाहीत. मी म्हणालो, तिला एक निरोप द्यायचा होता, उशीर केला. "सो जस्ट से सॉरी, लाह," ती म्हणाली. मी सॉरी म्हणालोच नव्हतो, हे तेव्हा लक्षात आलं. दारात उभं राहून सगळं बोललो, तेवढं राहिलं.

१० एप्रिल, गुरुवार

आज ऑड्रीचा फोन आला. रत्नदीपने फोन माझ्या हातात दिला आणि दार ओढून घेतलं.

"कागद मिळाले," ती म्हणाली. आवाज थकलेला. "शनिवारी मार्जोरीच्या अस्थी पुरणार. घरचीच दहा-बारा माणसं. भाच्याने इंग्रजी अर्थ सगळ्यांना वाचून दाखवलाय. पण मला ते शेवटचं पत्र तिच्या भाषेत वाचायला हवंय. मला ती भाषा येत नाही." थांबली. "तुम्ही फोनवर वाचाल?"

"वाचेन. आणि, मिस ऑड्री, मला क्षमा करा."

 "शनिवारी अकरा वाजता," ती म्हणाली. एवढंच.

१२ एप्रिल, शनिवार

बॅग भरून झाली. उद्या दुपारचं विमान. चौदा एप्रिलला पुण्यात पाहिजे, असा हट्ट मीच धरला होता.

अकराला फोन वाजला. निळा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसलो होतो, कोणी बघणार नव्हतं तरी. पलीकडे वाऱ्याचा आवाज, कोणीतरी खोकलं. ऑड्री म्हणाली, "वाचा."

जोहारापासून सुरुवात केली. कचेरीत वाचायचो तसं नाही; ठकीने त्या पेन्शनर शिपायाला सांगितलं असेल तसं, हळू. "म्हणून मी सगळ्यांकडे बघतें" इथे माझा आवाज गेला.  ते थांबले. मी परत त्याच ओळीपासून वाचलं आणि शेवटपर्यंत गेलो. "मी हांक मारणार नाहीं. जवळ जाणार नाहीं. बघून जाईन."

तिकडे माती पडल्याचा आवाज ऐकू आला. मग माणसांचं बोलणं, पावलं, गाड्यांची दारं. मला वाटलं फोन ठेवायचा राहिला असेल. मीही ठेवला नाही.

बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला. "मी आहे अजून. बाकीचे चहाला गेले."

"हं," मी म्हणालो.

"मार्जोरीला सांगितलं मी," ती म्हणाली. "उशिरा. पण सांगितलं."

 काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तिकडे किती वाजले?"

"पावणेबारा. तुमच्याकडे जेवढे वाजलेत तेवढेच. पर्थ आणि सिंगापूरचं घड्याळ एकच आहे, मिस्टर यादव. माहीत नव्हतं?"

नव्हतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा. मग आम्ही दोघंही काही बोललो नाही, तिने फोन ठेवेपर्यंत.

म्हणजे गेले सतरा दिवस मी जेव्हा जेव्हा घड्याळ बघून ती आत्ता काय करत असेल असं म्हणालो, तेव्हा तिच्याकडेही तेच वाजले होते. उद्या मी पुण्यात उतरेन आणि अडीच तास मागे पडेन.